सुपर मारिओ ब्रदर्स २

सुपर मारिओ ब्रदर्स २ हा निन्टेंडो या जपानी कंपनीने ऑक्टोबर १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत एनईएस या आठ-बिट यंत्रासाठी बाजारात आणलेला प्लॅटफॉर्म प्रकारचा, म्हणजे उड्या मारत आणि अडथळे ओलांडत टप्पे पार करण्याचा, व्हिडिओ गेम आहे. त्याच्या ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तरी मारिओ मालिकेतील सर्वांत वादाचे खेळ काढले तर त्यांत याचे नाव हमखास येते. काहींच्या मते मालिकेतला सर्वांत कल्पक खेळ हाच, तर काही जण त्याला मारिओचा खेळ म्हणायलाच तयार नसतात. १९८८ नंतर तो सोळा-बिट यंत्रावर आणि हातात धरायच्या यंत्रावर नव्याने बांधला गेला आणि दर वेळी त्यात काही ना काही बदलले. मराठवाड्यात तो पोचला तो मुख्यतः एनईएसच्या नकला असलेल्या स्वस्त यंत्रांमधून, ज्यांना इथे सरसकट ‘टीव्ही गेम’ म्हटले जाई. या खेळावरची बरीचशी भांडणे वेगवेगळी रूपे खेळलेल्या माणसांची असतात, म्हणून या नोंदीत प्रत्येक यंत्रावरचे रूप पुन्हा खेळताना काय जाणवते त्यावर भर दिला आहे.

नावातला घोळ आधी समजून घ्यावा लागतो. सप्टेंबर १९८५ मधील पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या यशानंतर निन्टेंडोने ३ जून १९८६ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम (एनईएसचे जपानी रूप) या यंत्राला जोडायच्या डिस्क सिस्टिमसाठी सुपर मारिओ ब्रदर्स २ याच नावाचा, पण पूर्णपणे वेगळा खेळ काढला होता. तो दिसायला पहिल्यासारखाच होता. मात्र विषारी मशरूम, उडी भरकटवणारा वारा आणि पुढे नेण्याऐवजी मागच्या जगात नेऊन टाकणाऱ्या गुप्त वाटा यांमुळे तो फार अवघड झाला होता. कंपनीच्या अमेरिकी शाखेला तो तिथल्या बाजारासाठी नको वाटला आणि त्याच्या जागी दुसराच खेळ निवडण्यात आला. यूमे कोजो : डोकी डोकी पॅनिक हा तो खेळ. फुजी टेलिव्हिजनच्या १९८७ मधील यूमे कोजो या महोत्सवाच्या निमित्ताने निन्टेंडोने तो तयार केला होता आणि १० जुलै १९८७ रोजी तो डिस्कवर निघाला होता. केन्सुके तानाबे हे त्याचे दिग्दर्शक आणि कोजी कोंदो हे संगीतकार. दोन खेळाडूंनी एकमेकांना उचलून फेकत उंच चढत जायचे, अशा एका प्रयोगातून त्याची सुरुवात झाल्याचे तानाबे यांनी नंतर सांगितले आहे. त्या प्रयोगातली उचलण्या-फेकण्याची कल्पना तेवढी टिकली. खेळातले अरबी वळणाचे कुटुंब हे त्या महोत्सवाचे शुभचिन्ह होते : इमाजिन, मामा, पापा आणि लीना. (जपानीतली ‘मामा’ म्हणजे आई, मराठी वाचकाची इथे हमखास गफलत होते.) अमेरिकेसाठी इमाजिनच्या जागी मारिओ, मामाच्या जागी लुइजी, पापाच्या जागी टोड आणि लीनाच्या जागी राजकन्या पीच आली. लुइजीची पाय झाडत मारलेली उंच उडी ही मूळची त्या मामाची उडी आहे.

बदल केवळ चेहऱ्यांचे नव्हते. बटण दाबून धरल्यावर धावण्याची सोय नव्याने आली, ताकद एकाच हृदयापुरती उरली की पात्र आकाराने लहान होऊ लागले, जादूच्या दिव्याची बाटली झाली आणि पाचव्या जगाच्या शेवटी पुन्हा येणाऱ्या माउझर या उंदराऐवजी क्लॉग्रिप हा खेकडा आला. मूळ खेळात शेवट पाहण्यासाठी चारही पात्रांनी सगळा खेळ स्वतंत्रपणे पूर्ण करावा लागे, ती अट काढून टाकली गेली. जपानमध्ये हे रूप सप्टेंबर १९९२ मध्ये सुपर मारिओ यूएसए या नावाने परतले, तर १९८६ चा अवघड खेळ जपानबाहेर १९९३ मध्ये लॉस्ट लेव्हल्स म्हणून पोचला.

खेळात सात जगे आणि त्यांत मिळून २० टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याआधी चारपैकी एक पात्र निवडायचे असते : टोड जमिनीतून वस्तू सर्वांत झटपट उपटतो, लुइजी सर्वांत उंच उडतो, पीच काही क्षण हवेत तरंगते आणि मारिओ या सगळ्यांच्या मधला. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही; आपण त्याच्या पाठीवर उभे राहतो आणि बटण दाबल्यावर त्यालाच उचलून दुसऱ्यावर फेकतो. खरे हत्यार भाजी. जमिनीवर गवताचे झुबके दिसतात, त्यांवर उभे राहून बटण दाबले की पात्र वाकते, जोर लावते आणि पांढरा मुळ्यासारखा कंद बाहेर येतो. टोड तो पटकन उपसतो. पीचला मात्र वाकून ओढत राहावे लागते आणि तेवढ्यात शाय गाय नावाचा मुखवटाधारी शत्रू अंगावर येतो. उपटायला लागणारा हा वेळ हाच या खेळाचा ताल आहे, आणि उड्यांचा खेळ म्हणून त्याकडे पाहणाऱ्याच्या तो लक्षातच येत नाही. सेलूला नोंदकर्त्याच्या मामांच्या घरी हा खेळ चालू असताना मामी पदराला हात पुसत दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “आगं बाई, हा तर भुईमूग उपटायलाय!” मे महिन्याचे दिवस होते, शेतात उन्हाळी भुईमुगाची काढणी चालू होती, आणि वेल बुंध्याशी धरून, माती सैल होईपर्यंत ओढून मग एका हिसक्यात मोकळा करण्याची ती लकब पडद्यावर तंतोतंत होती. त्या एका वाक्याने खेळाचे जितके नेमके वर्णन झाले, तितके नंतर क्वचितच वाचायला मिळाले.

याखेरीज दुसऱ्या जगात वाळू उकरत खाली जायचे असते, लाल बाटली फेकली की उघडणाऱ्या दारातून उलट्या, काळोख्या प्रतिसृष्टीत शिरून नाणी व मशरूम गोळा करायचे असतात, आणि किल्ली उचलताच फॅन्टो नावाचा मुखवटा भिंतीवरून सुटून पाठीशी लागतो. किल्ली हातातून टाकली तर तो पाठ सोडतो. म्हणून किल्ली टाकत, पुन्हा उचलत दारापर्यंत जाण्याची युक्ती प्रत्येक मुलाने स्वतःहून शोधलेली असते. शेवटचा शत्रू वॉर्ट हा भाज्या न आवडणारा बेडूक आहे आणि त्याच्या तोंडात भाज्या फेकूनच त्याला हरवायचे असते.

विरोधकांचे म्हणणे पोकळ नाही. पहिल्या खेळात वेळ मोजली जाते, गुण मिळतात, डोक्याने विटा फोडता येतात, अग्निफूल मिळते आणि शेवटी बाउझर हा खलनायक भेटतो. यांतले इथे काहीच नाही. पुढे गेल्यावर परत फिरता येते आणि कितीही वेळ रेंगाळता येते, त्यामुळे पहिल्या खेळातला पाठलागाचा ताण उरत नाही. जगांच्या शेवटी काही शत्रू पुन्हापुन्हा येतात, विशेषतः अंडी थुंकणारी बर्डो जवळपास प्रत्येक टप्प्याअखेर भेटते आणि तिच्याच अंड्यांनी तिला तीनदा मारणे लवकरच सवयीचे होते. शिवाय सगळे मारिओचे स्वप्न होते, हा शेवट अनेकांना फसवणुकीसारखा वाटतो. यावर समर्थक दाखवतात की बर्डो, शाय गाय, निंजी, बॉब-ऑम्ब ही मंडळी याच खेळामुळे मालिकेत आली आणि कायम झाली, आणि २०१३ च्या सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्डमध्ये याच चार पात्रांचे हेच गुणधर्म पुन्हा वापरले गेले. प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत समर्थकांच्या बाजूचे आहे.

मराठवाड्यातल्या मुलांनी या खेळाकडे संशयाने पाहिले, त्यामागे एक तांत्रिक कारण होते. टीव्ही गेमसोबत येणाऱ्या ‘कॅसेट’मध्ये, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, शेकडो खेळ असल्याचा आकडा छापलेला असे, पण प्रत्यक्षात थोडेच खेळ नावे व सुरुवातीचे टप्पे बदलून पुन्हापुन्हा दिलेले असत. अशा कॅसेटमध्ये लहान खेळच बसत. पहिला मारिओ अवघ्या ४० किलोबाइटचा आणि कोणतीही जादा चीप न लागणारा असल्याने तो घराघरांत पोचला. दुसरा मारिओ २५६ किलोबाइटचा होता आणि त्याला कॅसेटच्या आत स्मृतीचे कप्पे आलटून-पालटून जोडणारी एमएमसी-३ ही चीप लागे. गवताचे झुबके आणि चेरी सतत हलताना दिसतात तेही या चीपमुळेच. साहजिकच तो वेगळ्या, महागड्या कॅसेटवर येई, आणि वेगळ्या कॅसेटविषयी आमचा अनुभव चांगला नव्हता. परभणीच्या एका दुकानातून मारिओचे चित्र पाहून आणलेल्या कॅसेटमध्ये एकदा भलताच खेळ निघाला होता आणि त्यातल्या नायकाला केवळ मारिओचे डोके चिकटवलेले होते. दुसऱ्या कंपन्यांच्या खेळांवर मारिओ डकवून विकण्याचा हा उद्योग आशियात मोठा होता. सुपर मारिओ १४ या नावाने फिरणारा खेळ तसाच बनलेला आहे. त्यामुळे भाज्या उपटणारा मारिओ पाहिल्यावर “हा डुप्लिकेट आहे” असा निकाल पोरांनी लगेच दिला. हा निकाल अर्धा खरा होता, ही बाब पुढे डोकी डोकी पॅनिकची माहिती मिळाल्यावर कळली : दुसऱ्याच्या देहावर मारिओचे डोके इथेही बसवलेले होते, मात्र ते बसवणारे हात मूळ कारागिरांचे होते आणि त्यांनी डोके बसवून झाल्यावर खेळही सुधारला होता.

नकली यंत्रावरचा खेळ आणि अमेरिकेतला खेळ यांच्या वेगातही फरक पडे. अमेरिकेत व जपानमध्ये दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, तर भारतातील पाल पद्धतीत ५० वेळा. खेळाची गणिते दर चित्रामागे एकदा होत असल्याने ५० च्या गतीने चालणाऱ्या यंत्रावर तोच खेळ सुमारे एक षष्ठांशाने संथ चालतो. उपटण्याच्या क्रियेत हा संथपणा सर्वांत अधिक जाणवतो. पुढे ६० च्या गतीने खेळताना टोडचे हात इतके चपळ असतात हे पाहून आश्चर्य वाटले.

एनईएसच्या रूपात प्रगती जतन करण्याची सोय नाही आणि खेळ संपल्यावर पुन्हा सुरू करण्याची संधी दोनदाच मिळते. मराठवाड्यात या गोष्टीला वेगळे वजन होते. भारनियमनाच्या वर्षांत वीज जाण्याची वेळ पाहून खेळायला बसावे लागे, आणि चौथ्या जगातल्या बर्फावर घसरत असताना पंखा थांबला की सगळा प्रवास पहिल्या दारापासून पुन्हा करावा लागे. पहिल्या मारिओतही जतनाची सोय नव्हती, पण तो जाणकाराला थोड्या मिनिटांत संपवता येतो. इथे रेंगाळण्याची मोकळीक असल्यामुळे तासभर सहज जातो. हा खेळ ‘लांबण लावणारा’ आहे, या आमच्याकडच्या तक्रारीत विजेचा वाटा मोठा असावा, असे वाटते.

जुलै १९९३ मध्ये जपानमध्ये आणि त्यानंतर लगेच अमेरिकेत निघालेल्या सुपर मारिओ ऑल-स्टार्स या सोळा-बिट संग्रहात ही अडचण संपली. सुपर निन्टेंडोवरच्या या रूपात जतनाची सोय आहे आणि एक जीव गेल्यावर लगेच पात्र बदलता येते, त्यामुळे पीचने पार होणारी दरी मारिओला देऊन बसण्याची शिक्षा टळते. पार्श्वभूमीला डोंगर व ढगांचे थर मिळाले आहेत आणि वाद्यमेळ भरदार झाला आहे. एनईएसवरच्या पहिल्या जगातली निव्वळ निळी पार्श्वभूमी मात्र यात हरवते. तिच्यासमोर प्रत्येक झुबका आणि प्रत्येक शत्रू ठळक उठून दिसे. प्रथमच खेळणाऱ्याला हेच रूप द्यावे, असे नोंदकर्त्याचे मत आहे.

गेम बॉय ॲडव्हान्स हे यंत्र २००१ मध्ये निघाले तेव्हा त्याच्याबरोबरच सुपर मारिओ ॲडव्हान्स या नावाने याच खेळाचे तिसरे रूप आले, आणि सर्वाधिक मतभेद याच रूपाविषयी आहेत. पात्रे बोलतात, शत्रू लढाईआधी संवाद म्हणतात, गुण मोजले जातात, राक्षसी आकाराच्या भाज्या आणि शाय गाय भेटतात, प्रत्येक टप्प्यात पाच एस नाणी लपवलेली असतात, आणि तिसऱ्या जगाअखेर माउझरऐवजी रोबर्डो ही यांत्रिक बर्डो येते. एक भाजी फेकून ओळीने अनेक शत्रू पाडल्यास हृदये मिळत असल्याने खेळ बराच सोपा होतो. अडचण पडद्याची आहे : एनईएसचे चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे, तर इथे २४० गुणिले १६० ठिपके. रुंदी जवळपास तेवढीच राहते, उंचीचा मात्र तिसरा हिस्सा कापला जातो, आणि हा खेळ मालिकेतल्या इतरांपेक्षा अधिक उभा आहे. वेलींवरून चढताना वर काय आहे ते वेळेवर दिसत नाही. सततचे बोलणे काही वेळाने कानाला टोचते, हेही खरे. तरीही बॅटरीवर चालणारे आणि प्रगती जपून ठेवणारे हे रूप हातात आले, तेव्हा वीज असो वा नसो, खेळ तुटेनासा झाला.

त्यानंतर मूळ एनईएस रूप निन्टेंडोच्या वी, थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवर उतरवून घेता येऊ लागले. त्याच कंपनीच्या स्विच या यंत्रावरील सदस्यांच्या संग्रहात ते २०१९ मध्ये, ऑल-स्टार्स २०२० मध्ये आणि ॲडव्हान्स २०२३ मध्ये दाखल झाले. तिथे खेळ कोणत्याही क्षणी थांबवून ठेवता येतो. एनईएसवरचा शेवट नोंदकर्त्याने याच सोयीमुळे पहिल्यांदा पाहिला, सेलूच्या त्या उन्हाळ्यानंतर पुष्कळ वर्षांनी : वॉर्ट पडल्यावर चौघांपैकी कोणी किती टप्पे पार केले याचे आकडे पडद्यावर येतात, आणि मग मारिओ पलंगावर झोपलेला दिसतो. त्या आकड्यांत टोड सर्वांत पुढे होता.