वही भिरकावण्याआधीचं एक मिनिट

सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. तिसरीचा वर्ग, पटावर ४२ मुलं, खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट. मधल्या सुट्टीनंतर बाई फळ्यावर दहा ओळी लिहितात आणि "उतरवून घ्या" म्हणतात. तिसऱ्या बाकावरचा मुलगा, आपण त्याला श्रीनू म्हणू, वही भिरकावतो. बाई त्याला व्हरांड्यात उभं करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वही, पुन्हा व्हरांडा. महिनाभर हेच चालतं आणि शेवटी शेरा पडतो : 'हट्टी आहे, शिक्षेचाही परिणाम होत नाही.'

परिणाम होतो आहे, पण उलटा. श्रीनूला अक्षरं उतरवणं फार जड जातं. वही फेकली की व्हरांडा मिळतो आणि व्हरांडा मिळाला की लेखन सुटतं. नको असलेली गोष्ट टळली की ती टाळणारं वर्तन पक्कं होत जातं. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. नावावरून पुष्कळ जण त्याचा अर्थ 'शिक्षा' असा करतात, तो चूक आहे. इथे मुलाला मिळते ती सुटका.

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा वर्तनसमस्या असलेल्या मुलांसाठी शिक्षकांना दिलं जाणारं प्रशिक्षण बरेचदा 'प्रेमाने वागा, संयम ठेवा' एवढ्यावर थांबतं. प्रेम हवंच. पण साडेबारा वाजता वही हवेत असताना नेमकं काय करायचं, हे प्रेमातून आपोआप कळत नाही. ते नोंदींतून कळतं. म्हणून शिक्षकाने पहिलं कौशल्य शिकावं ते नोंद घेण्याचं.

नोंदीची सुरुवात शब्दांपासून होते. 'चिडतो', 'त्रास देतो', 'ऐकत नाही' हे शब्द नोंदवहीत चालत नाहीत, कारण दोन माणसं ते सारखे मोजणार नाहीत. 'हातातली वस्तू बाकापलीकडे फेकतो' हे चालतं. शेजारच्या वर्गावरचे सर आले तरी तेवढंच मोजतील, ही कसोटी. मग शाळेचे पाच दिवस काहीही न बदलता फक्त लिहायचं : वेळ, तास, आधीच्या मिनिटात काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं, किती वेळ चाललं. आधी, वर्तन, नंतर हे तीन रकाने त्यातला गाभा. शिकवताना लिहिणं जमत नसेल तर उजव्या खिशात दहा चिंचोके ठेवावेत आणि दर वेळी एक डाव्या खिशात टाकावा. साडीला खिसा नसतो, तिथे एका मनगटावरचे रबरबँड दुसऱ्यावर सरकवले तरी भागतं. मात्र 'आधी' आणि 'नंतर' हे रकाने त्याच दिवशी भरले पाहिजेत. दोन दिवस गेले की आठवण आपल्या मतासारखी वळते.

सगळ्यात जास्त चुका 'आधी'च्या रकान्यात होतात. तिथे लोक 'काहीच कारण नव्हतं' असं लिहितात. कारण असतं, आपलं लक्ष नसतं. 'सुट्टी संपल्याची घंटा झाली, पंखा बंद होता, दहा ओळी फळ्यावर होत्या, बाजूच्या मुलाने कोपर लावलं' असं सगळं लिहावं. त्यातलं काय कामाचं, हे नंतर दिसेल.

समजा, पाच दिवसांत श्रीनूच्या १७ नोंदी झाल्या. त्यातल्या १२ लेखनाच्या तासाला, ३ परिपाठाला आणि २ खिचडीच्या रांगेत. लेखनाच्या १२ वेळांपैकी १० वेळा त्याला बाहेर काढलं आणि २ वेळा बाईंनी शेजारी बसून स्वतः लिहून दिलं. वरवर पाहता एक शिक्षा आणि एक मदत. श्रीनूच्या बाजूने दोन्हींचा अर्थ एकच, लिहिणं थांबलं. परिपाठ आणि खिचडीची रांग यांत लेखनाचा संबंध नाही. तिथे लाउडस्पीकर आहे, गर्दी आहे, ताटांचा खणखणाट आहे. म्हणजे एकाच मुलाचं एकच वर्तन दोन वेगळ्या कामांसाठी वापरलं जातंय आणि उपायही दोन लागणार.

वर्तनामागची कामं ढोबळपणे चार : कुणाचं तरी लक्ष मिळवणं, नकोशी गोष्ट टाळणं, हवी ती वस्तू किंवा कृती मिळवणं आणि शरीराला हवी ती संवेदना मिळवणं किंवा नको ती थांबवणं. शेवटचं काम स्वमग्न मुलांत विशेष महत्त्वाचं. अमेरिकेत २०१३ साली आलेल्या, मानसिक विकारांच्या निदान-निकषांच्या पाचव्या आवृत्तीत (डीएसएम-५) संवेदनांना अति किंवा अल्प प्रतिसाद हे स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये स्पष्टपणे नोंदवलं गेलं. आपल्याला जी खटखट पाच मिनिटांत ऐकू येईनाशी होते, ती एखाद्या मुलाच्या मेंदूत दिवसभर तेवढ्याच जोराने वाजत राहते. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात तापमान चढलं की सहनशक्तीचं भांडं आधीच काठोकाठ असतं, मग कोपराचा एक धक्काही पुरतो. अशा मुलाला खिडकी, दार आणि आवाज करणारा पंखा या तिन्हींपासून लांबची जागा द्यावी. परिपाठाला लाउडस्पीकरपासून दूर, रांगेच्या टोकाला उभं करावं. खिचडीला त्याला पाच मिनिटं आधी पाठवलं तरी रांगेचा प्रश्न बराचसा मिटतो.

वर्तनात अचानक बदल झाला असेल तर नोंदवहीच्याही आधी शरीर तपासून घ्यावं. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप. स्वमग्न मुलांत पोटाच्या आणि झोपेच्या तक्रारी जास्त आढळतात, फिटसुद्धा इतर मुलांपेक्षा जास्त आढळते आणि 'दुखतंय' हे शब्दांत सांगणं अनेकांना जमत नाही. गालावर स्वतःच्याच हाताने मारून घेणाऱ्या मुलाची दाढ किडलेली असू शकते.

आता उपाय. टाळण्यासाठी वही फेकणाऱ्या मुलाला टाळण्याचीच, पण चालण्याजोगी पद्धत शिकवायची. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली हे दाखवून दिलं : त्रासदायक वर्तन जे काम करतं तेच काम करणारा साधा संवाद मुलाला शिकवला, तर ते वर्तन कमी होतं. श्रीनूसाठी खेळायच्या पत्त्याएवढं पुठ्ठ्याचं एक कार्ड करावं, त्यावर 'थांबू दे' असं चित्र आणि शब्द. कार्ड दिलं की दोन मिनिटं लेखनातून सुटी, वाळूचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर लावून.

कार्ड शिकवायचं ते मूल शांत असताना. चिडल्यावर कुणालाच नवं काही शिकता येत नाही. सोप्या कामाच्या मध्ये रोज दहा-बारा वेळा सराव घ्यावा : दुसऱ्या कुणीतरी मागून त्याचा हात हलकेच कार्डाकडे न्यावा, कार्ड बाईंच्या हातात पडावं, बाईंनी "थांबायचं? बरं" म्हणून लगेच वही बाजूला करावी. मागून मिळणारी मदत दिवसागणिक कमी करत न्यावी. पहिले दोन आठवडे कार्ड दिलं की सुटी मिळालीच पाहिजे, तासाला आठ वेळा दिलं तरी. इथे शिक्षकांचा जीव कासावीस होतो, की हा लिहिणार कधी? पण कार्ड हा फेकण्यापेक्षा सोपा आणि खात्रीचा रस्ता वाटला नाही, तर मूल जुन्याच रस्त्याने जाईल. कार्डाची सवय पक्की झाली की मग "आणखी एक ओळ, मग थांबू" असं सुरू करावं, पुढे दोन ओळी, तीन ओळी. त्याच वेळी कामही कापावं. दहाऐवजी तीन ओळी, किंवा शब्दांच्या पट्ट्या वाक्याच्या क्रमाने चिकटवणं. बोटांची ताकद कमी असलेल्या मुलाचं भाषेचं ज्ञान हस्ताक्षरावरून जोखू नये.

ही योजना कुठे फसते तेही ठरलेलं असतं. कार्ड बाईंच्या टेबलाच्या खणात राहतं. पाहुणे आले म्हणून त्या दिवशी कार्ड चालत नाही. किंवा 'आज फार दंगा केलास' म्हणून कार्डच काढून घेतलं जातं, म्हणजे मुलाचा आवाजच काढून घेतल्यासारखं. कार्ड मुलाच्या बाकाला दोऱ्याने बांधलेलं असावं आणि बदली शिक्षकालाही त्याचा अर्थ माहीत असावा.

लक्ष वेधण्यासाठी ओरडणाऱ्या मुलाचं गणित निराळं. त्याच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष आणि हात वर करण्याला तत्काळ दाद, हे दोन्ही बरोबरीने लागतं. दुर्लक्ष सुरू केल्यावर बहुतेकदा ओरडणं आधी वाढतं, कारण नेहमीचं नाणं चाललं नाही की मूल मोठं नाणं काढतं. चौथ्या दिवशी कंटाळून आपण "काय रे!" म्हटलं, की मूल शिकतं की चार दिवस ओरडलं तर मिळतं. अधूनमधून फळणारं वर्तन सगळ्यात चिवट होतं. म्हणून टिकवता येणार नसेल तर दुर्लक्षाचा मार्ग धरूच नये, आणि मूल डोकं आपटत असेल, स्वतःला चावत असेल तर मुळीच नाही.

सूचना देताना आपली भाषा किती फसवी आहे, याकडेही लक्ष हवं. 'चित्र काढ' आणि 'वही काढ' यांत 'काढ' एकच, कृती दोन. 'डोकं खाऊ नकोस' हे शब्दशः घेणारी मुलं वर्गात असतात. आधी नाव, मग एकच कृती, मग मनात दहापर्यंत मोजायचं. मध्येच दुसऱ्या शब्दांत सांगितलं तर मुलासाठी ती नवी सूचना होते आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सोलापुरात यात आणखी एक पदर आहे. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि शाळेत मराठी हे इथे नेहमीचं. मूल बोलत नाही म्हटल्यावर 'घरची भाषा बंद करा' असा सल्ला आईबापांना सर्रास मिळतो. संशोधन त्याला आधार देत नाही. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाची भाषेतली प्रगती मागे पडते, असं आढळलेलं नाही. उलट आईला जी भाषा मोकळेपणाने येते ती बंद केली, तर मुलाशी होणारं बोलणंच आटतं. पाण्याच्या चित्रकार्डावर 'पाणी' लिहावं आणि खाली देवनागरीतच 'नीळ्ळू' किंवा 'नीरू' लिहावं. आईला विचारूनच, कारण घराघरात शब्द बदलतो.

दिवसाचं चित्र-वेळापत्रक हे दुसरं मोठं साधन. पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच-सहा चित्रं वेल्क्रोने लावायची आणि एक काम झालं की ते चित्र मुलाने स्वतः काढून 'झालं' लिहिलेल्या पाकिटात टाकायचं. पट्टी आडवी करण्यापेक्षा उभी बरी. उर्दू माध्यमात वाचन उजवीकडून होतं, वरून खाली मात्र सगळ्यांनाच कळतं. शिवाय 'बदल' असं एक कार्ड असावं. ते आधी आनंदाच्या बदलांसाठी वापरावं, गणिताऐवजी खेळ वगैरे, म्हणजे बदल या गोष्टीचीच धास्ती बसत नाही. शाळा सकाळची होते तेव्हा, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत, पालख्या जिल्ह्यात येतात तेव्हा अनेक मुलांची घडी विस्कटते. आठवडाभर आधी हे कार्ड पट्टीवर दिसू लागलं पाहिजे. मिरवणुकीत ढोल आणि लेझमाजवळ उभं राहण्याची सक्ती अशा मुलाला करू नये.

एवढं करूनही उद्रेक होईल. त्या क्षणी शिकवायचं काही नसतं. बोलणं कमी, आवाज खाली, समोरून न येता बाजूला उभं राहायचं, धारदार वस्तू उचलायच्या आणि त्याला ओढण्यापेक्षा बाकीच्या मुलांना बाहेर न्यायचं. 'माझ्याकडे बघ' म्हणू नये. पालथं दाबून धरणं तर जीवघेणं ठरू शकतं, त्यात श्वास कोंडतो. वरवर शांत झाल्यावरही शरीर सावरायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. तेवढ्यात "सॉरी म्हण" चा आग्रह धरला की दुसरा उद्रेक येतो. मारणं किंवा अपमान करणं याला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदी आहेच.

निदान हे शिक्षकाचं काम नाही, नोंद आणि शिफारस हे आहे. 'प्रशस्त' या एनसीईआरटीच्या ॲपमधली वर्गशिक्षकासाठीची तपासणी-सूची त्यासाठी वापरता येते. पुढे समग्र शिक्षा अभियानातले तालुक्याचे विशेष शिक्षक आणि मग तज्ज्ञ डॉक्टर. स्वमग्नतेच्या मोजमापासाठी भारतात वापरली जाणारी 'इसा' मापनश्रेणी ४० बाबींची आहे; प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि ७०च्या खाली बेरीज असेल तर स्वमग्नता धरत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण) आहेत; अतिचंचलता (एडीएचडी) मात्र वेगळी नमूद नाही. अतिचंचल मुलांना वर्गातल्या सवलती प्रमाणपत्राच्या कागदावाचूनच द्याव्या लागतात.

शिक्षकाला शिकण्यासाठी 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम मोफत आहेत. कोणताही अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : त्यात नोंद घेण्याचा सराव आहे का, कुणी आपल्या वर्गात येऊन पाहून सांगणार आहे का, आणि शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का. एक दिवसाच्या व्याख्यानाने वर्गातली पद्धत क्वचितच बदलते. कुणीतरी पाहून दुरुस्त केल्याने बदलते. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांपासून आणि मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करवून घेणाऱ्या पद्धतींपासून दूर राहावं. तपासण्यांत त्या पद्धतीतले शब्द हात धरणाऱ्याचे निघाले आहेत.

दोन आठवड्यांनी पुन्हा पाच दिवस मोजावं. १७चे ११ झाले तर योजना जशी आहे तशी चालू ठेवावी, लगेच नवं काही घालू नये. १७चे १७च राहिले तर आपला अंदाज चुकला. पुन्हा 'नंतर'चा रकाना वाचायचा. कार्ड मिळूनही फेकणं चालू असेल, तर कदाचित त्याला लेखन टाळायचं नसेल, फेकल्यावर सगळा वर्ग हसतो ते हवं असेल.

जूनमध्ये शिक्षक बदलले की वर्षभराचं हे सगळं ज्ञान बरेचदा जुन्या बाईंबरोबरच निघून जातं. त्यासाठी एक पान पुरे : श्रीनू कशाने बिथरतो, त्याआधी शरीरावर कोणती खूण दिसते (कान झाकतो, बोटं चावतो), कशाने सावरतो, घरी कोणते शब्द वापरतो आणि त्याला काय मनापासून आवडतं. हे पान निकालपत्रासोबत कपाटात न ठेवता शाळा उघडायच्या आधी नव्या शिक्षकाच्या हातात द्यावं, आणि 'थांबू दे' कार्डाची एक जादा प्रत त्याला टाचून.