औंध संस्थानचे विधिमंडळ

ब्रिटिश अमदानीतील औंध संस्थानात १९३९ च्या घटनेने अस्तित्वात आलेली लोकप्रतिनिधींची सभा. कायदे करणे, जमाखर्चाला मंजुरी देणे आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे ही संसदेची तिन्ही मुख्य कामे या सभेकडे सोपवलेली होती. मात्र तिचे सभासद मतदारांनी थेट निवडलेले नव्हते. ते ग्रामपंचायतींतून पायरीपायरीने वर आलेले असत. सभेची कारकीर्द जेमतेम नऊ वर्षांची. तरीही संसदेकडे कोणते अधिकार असावेत आणि तिला ते कोणी द्यावेत, या प्रश्नाच्या चर्चेत तिचा उल्लेख वारंवार येतो.

औंध हे पंतप्रतिनिधी घराण्याचे संस्थान. ७२ गावे, सुमारे ५०० चौ. मैल क्षेत्र आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. मुलूख सलग नव्हता. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाखोऱ्यात आणि गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. मधल्या पट्ट्यात इंग्रजी अमलाखालचा सातारा जिल्हा आणि इतर संस्थानांची गावे पसरलेली. कुंडलच्या प्रतिनिधीला सभेसाठी औंधला यायचे तर परक्या हद्दीतूनच यावे लागे. उत्पन्नाचा मोठा भाग शेतसाऱ्याचा आणि बराच मुलूख अवर्षणप्रवण, त्यामुळे सभेने ज्यावर हुकमत चालवायची तो खजिनाच मुळात लहान होता. कुंडलच्या माळावर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत हा यातला ठळक अपवाद.

उगम : घटनेच्या कालनिर्देशात संदर्भग्रंथांत घोटाळा आढळतो, कुठे १९३८ असे वर्ष येते, कुठे १९३९. सर्व सत्ता प्रजेकडे सोपवण्याचा राजाचा मनोदय १९३८ च्या अखेरीस जाहीर झाला आणि प्रत्यक्ष घटनेचा कायदा जानेवारी १९३९ मध्ये झाला, हे ध्यानात घेतले की दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर ठरतात. विधिमंडळाची सुरुवात १९३९ पासून धरणे योग्य. सल्लागार स्वरूपाची एक प्रतिनिधिसभा त्याआधीपासून, बहुधा १९२० च्या दशकापासून, संस्थानात होती असे दिसते; पण सल्ला देणारी सभा आणि मंत्र्यांना जबाबदार धरणारी सभा यांची गल्लत करू नये.

घटनेचे जनकत्व हा अधिक वादाचा विषय आहे. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ पासून गादीवर होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार, चित्रकला आणि कीर्तन यांत रमणारा हा राजा सत्तेला चिकटून राहणाऱ्यांतला नव्हता. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आलेले. मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते. ते बंगळूरला काम करीत आणि भगवी वस्त्रे घेतल्यावर भारतानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. सत्तादानाची कल्पना राजापुढे ठेवण्याचे श्रेय अप्पासाहेबांच्या आठवणींच्या आधारे मुख्यतः फ्रीडमन यांना दिले जाते. दुसरे मत महात्मा गांधींना घटनेचे कर्ते मानते, कारण अप्पासाहेब आणि फ्रीडमन मसुद्यासाठी त्यांच्याकडे गेले होते. तिसरे मत प्रजापरिषदेच्या, म्हणजे संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या, चळवळीवर भर देते. हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये संस्थानी प्रजेच्या प्रश्नावर ठराव केला होता, त्याच वर्षी राजकोटला सत्याग्रह पेटला होता. अशा हवेत कोणताही शहाणा संस्थानिक काही ना काही देऊ करणारच, असा या मताचा रोख आहे. हे शेवटचे कारण घटनेची वेळ समजायला उपयोगी पडते, तिचा आकार समजायला नाही. चळवळींची मागणी सर्वत्र थेट निवडलेल्या जबाबदार राज्यपद्धतीची होती. गावापासून वर चढत जाणारी रचना मात्र स्पष्टपणे गांधींच्या विचारातली आहे. म्हणून आराखडा गांधींचा, दुवा फ्रीडमन यांचा आणि निर्णय राजाचा, अशी विभागणी करणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

रचना : प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे आणि पंचायतीला अध्यक्ष असायचा. तालुक्यातील पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती होई आणि तालुका समित्यांतून विधिमंडळात प्रतिनिधी जात. मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार आणि राजा केवळ घटनात्मक प्रमुख. मतदाराला लिहिता-वाचता यावे, ही अट गांधींनी सुचवली आणि तिचे जाहीर समर्थनही केले. मत हा अधिकार असला तरी त्यासाठी किमान पात्रता हवी, आणि सरकार प्रामाणिक असेल तर साक्षरता पसरायला वेळ लागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रौढ मतदानाच्या आजच्या कसोटीवर ही अट टिकत नाही.

कार्ये : कायदा, खजिना आणि कारभारावर देखरेख ही संसदेची कामे सर्वपरिचित असल्याने येथे त्यांचा विस्तार केलेला नाही. औंधचे वेगळेपण ती कामे करणाऱ्या माणसात होते. एखाद्या गावचा पंचायत-अध्यक्ष सकाळी चावडीवर विहिरीच्या दुरुस्तीचा खर्च ठरवी. तालुका समितीत बसला की शेजारच्या गावांच्या मागण्यांशी त्याला तडजोड करावी लागे. आणि विधिमंडळात निवडून गेला तर त्याच पैशांबद्दल तो मंत्र्यांना प्रश्न विचारी. अंमलबजावणी करणारा आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा एकच. त्यामुळे चर्चेला जमिनीचा आधार मिळे, हा फायदा. तोटा असा की, स्वतःच्या गावचा हिशेब तपासण्याची वेळ आली की देखरेख ढिली पडणार हे उघड होते. संसदीय व्यवस्थेत सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीसारखी यंत्रणा खर्च करणाऱ्यांपासून वेगळी ठेवतात ती याचसाठी.

न्यायदानही गावाजवळ आणले गेले. न्यायाधीशाने गावात येऊन पंचांच्या सोबतीने खटले ऐकायचे, असा प्रयत्न होता. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली (१९३९). ती आजही चालू आहे.

मर्यादा : संरक्षण आणि परराष्ट्रसंबंध यांत सभेला काहीच म्हणता येत नसे, ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता डोक्यावर होतीच. या अर्थाने तिला राष्ट्रीय संसदेचे छोटे रूप म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. दुसरी मर्यादा रचनेतच होती. पंच, अध्यक्ष, तालुका समिती अशा तीन गाळण्यांतून जे वर येई ते बहुतेक गावातल्या वजनदार घरांचेच असणार. अल्पसंख्य जातीचा माणूस पाचांत एक पंच होऊ शकेल. पण अध्यक्ष होणे त्याला अवघड, आणि अध्यक्षांतूनच वरची सभा भरायची म्हटल्यावर विधिमंडळाची वाट जवळजवळ बंद. स्त्रियांच्या बाबतीतही हेच.

भारतीय संसदेशी तुलना : श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या गांधीप्रणीत राज्यघटनेच्या आराखड्यात हीच चढती रचना देशपातळीवर नेलेली आढळते. संविधान सभेने ती स्वीकारली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गाव हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर असल्याचे सांगून व्यक्ती हाच राज्यघटनेचा घटक मानला. त्यावर नापसंतीचे सूर उमटले आणि के. संथानम यांच्या सूचनेवरून ग्रामपंचायतींचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले. तेच आजचे अनुच्छेद ४०. संसदेच्या रचनेत अप्रत्यक्ष निवडणूक राज्यसभेपुरती राहिली, आणि त्या सभागृहाला मंत्रिमंडळ पाडता येत नाही, धनविधेयकही १४ दिवसांपेक्षा जास्त रोखता येत नाही. मंत्रिमंडळ जबाबदार आहे ते थेट निवडलेल्या लोकसभेला (अनुच्छेद ७५). म्हणजे औंधने तिजोरीची किल्ली अप्रत्यक्ष सभेच्या हाती दिली होती, भारतीय संविधानाने नेमके उलट केले. वर दिलेल्या मर्यादा पाहता संविधान सभेचा कौल अधिक सयुक्तिक वाटतो.

प्रतिसरकार : १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजी सत्तेला समांतर अशा भूमिगत कारभाराचे, एक मुख्य केंद्र कुंडल होते. कुंडल संस्थानी हद्दीत असल्याने इंग्रजी पोलिसांना तेथे हात घालणे अडचणीचे जाई. प्रतिसरकारची न्यायदान मंडळे औंधच्या पंचायतींवरून घेतली गेली, असे काही वेळा म्हटले जाते. भौगोलिक जवळीक सोडता त्याला भक्कम आधार दिसत नाही. फरारी कार्यकर्त्यांनी गरजेतून उभी केलेली ती व्यवस्था होती, असे मानणे बरे. नाना पाटील पुढे १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले.

विलीनीकरण : ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि विधिमंडळ संपुष्टात आले. त्याच वर्षी अप्पासाहेब भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले. आटपाडी आणि कुंडल १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. १९६० पासून तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत राज्याच्या वरच्या पायऱ्यांसाठी औंधसारखीच अप्रत्यक्ष निवडणूक सुचवली होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनुसार राज्याने जिल्हा परिषदेसाठी मात्र थेट मतदान पत्करले.