नायट्रिक ऑक्साइड आणि हृदयाचे आरोग्य

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा प्रत्येकी एक अणू मिळून बनलेला रंगहीन वायू. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात तो सतत तयार होतो आणि धमन्यांच्या भिंतीतील अरेखित स्नायू सैल ठेवतो. गुंगी आणणारा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, हा निराळा. नावांतल्या साम्यामुळे दोघांची गल्लत नेहमीच होते. हृदयासाठी नायट्रिक ऑक्साइड वाढवावे असे अनेकदा सांगतात; पण हा ‘वाढवणे’ शब्दप्रयोगही थोडा फसवा आहे. शरीरात हा वायू फार तर काही सेकंद टिकतो, रक्तातले हिमोग्लोबिन तर त्याला त्याहूनही आधी गिळून टाकते. त्याचा साठा करता येत नाही; लागेल तिथे, लागेल तेव्हा तो बनवावा लागतो.

औषध आधी सापडले, कारण नंतर. इटालियन रसायनशास्त्रज्ञ आस्कानिओ सोब्रेरो यांनी 1847 मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले आणि 1879 मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम मरेल यांनी ते हृद्‌शूलावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. छातीतली कळ त्याने का थांबते, याचा उलगडा व्हायला पुढे जवळपास शंभर वर्षे गेली. हे औषध नायट्रिक ऑक्साइड मुक्त करते, असे अमेरिकन संशोधक फेरिद मुराद यांनी 1977 मध्ये दाखवले. दुसरे अमेरिकन संशोधक रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर काम करत होते. अस्तर शाबूत असलेला तुकडा मज्जातंतूंचे संदेशवाहक रसायन अ‍ॅसिटिलकोलिन दिल्यावर सैलावे. अस्तर घासले गेले की तोच तुकडा उलट आवळे. अस्तरातून काहीतरी पाझरते आहे, असा निष्कर्ष त्यांनी 1980 मध्ये मांडला. ते ‘काहीतरी’ म्हणजे हाच वायू, हे 1986-87 च्या सुमारास स्पष्ट झाले. फर्चगॉट, मुराद आणि लुई इग्नॅरो यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणजे नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या काळात डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिले होते.

अस्तरातील पेशी आर्जिनीन या अमिनो आम्लापासून, ऑक्सिजनच्या मदतीने, हा वायू बनवतात. मागे सिट्रुलीन उरते. वायू शेजारच्या स्नायूपेशीत झिरपतो, तिथे सीजीएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि स्नायू सैलावतो. बिंबाणू (प्लेटलेट्स) एकमेकांना व भिंतीला चिकटणेही त्याने कमी होते. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढते वय यांनी ही क्षमता घटते.

पेशींना हे काम करायला लावणारी मुख्य गोष्ट म्हणजे वाहत्या रक्ताचे भिंतीवरचे घर्षण. पेशी हे काम किती करतात, ते मोजण्याची चाचणी साधी आहे. हाताला पट्टा बांधून पाच मिनिटे रक्तप्रवाह रोखतात, मग एकदम सोडतात. रक्ताचा लोंढा येतो आणि दंडातली धमनी किती फुगली ते सोनोग्राफीवर दिसते. निरोगी माणसात ती काही टक्क्यांनी रुंदावते. अस्तर बिघडलेले असेल तर जेमतेम हलते. झपझप चालणे, पोहणे, सायकल चालवणे यांत हाच लोंढा तासभर चालू राहतो. हृद्‌धमनीविकाराच्या रुग्णांवरील एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या बिघडलेल्या धमन्या अ‍ॅसिटिलकोलिन दिल्यावर आवळत. चार आठवड्यांच्या व्यायामानंतर हे आवळणे निम्म्याहून कमी झाले. व्यायाम दीर्घकाळ चालू ठेवल्यास धमनीचा मूळ व्यासही वाढतो; सोडला की लाभ ओसरतो.

पूरक गोळ्यांची (सप्लिमेंट्सची) बाजू इतकी भक्कम नाही. आर्जिनीनच्या गोळ्या कागदावर पटतात, पण आतडे व यकृत त्यातला बराचसा भाग आधीच मोडून टाकतात, आणि पेशीत कच्च्या मालाची टंचाई सहसा नसतेच. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णांना सहा महिने आर्जिनीन देऊन पाहिलेल्या एका चाचणीत (2006) हृदयाला फायदा दिसला नाही. आर्जिनीन गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. सिट्रुलीन यकृताच्या तावडीतून सुटते आणि रक्तातील आर्जिनीन अधिक वाढवते, तरी हृदयविकार टळतो असा पुरावा त्याच्याही पाठीशी नाही.

बीट, पालक यांसारख्या भाज्यांतील नायट्रेटचा मार्ग वेगळा, आणि तो तोंडातून जातो. शोषलेल्या नायट्रेटपैकी सुमारे चतुर्थांश लाळेत परत येते, जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि गिळल्यावर त्यातून नायट्रिक ऑक्साइड होते. म्हणूनच जंतुनाशक माउथवॉशने बीटच्या रसाचा परिणाम बोथट होतो. रसाने वरचा रक्तदाब साधारण चार-पाच अंकांनी उतरतो. हे औषधाची जागा घेण्याइतके नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके किरकोळही नाही. लघवीला येणारा लालसर रंग निरुपद्रवी असतो. मात्र बीटमध्ये ऑक्सलेट बरेच असल्याने मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तो बेताने घ्यावा. नायट्रोग्लिसरीनसारखी नायट्रेटची औषधे चालू असताना सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो, कारण एक सीजीएमपी वाढवते आणि दुसरे ते मोडू देत नाही.