लिव्हर रायफलीचं काडतूस: खान्देशात गाडी .315 वरच का थांबते?

जुनी लिव्हर अ‍ॅक्शन (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) रायफल घ्यायची, तिची नळी बदलायची आणि ती दुसऱ्याच काडतुसासाठी बनवून घ्यायची, हा मूळचा अमेरिकी शौक. जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या परवानाधारकाला असं काही मनात आलं, तर त्याचा पहिला प्रश्न असतो: काडतूस कोणतं धरावं? माझ्या मते याचं उत्तर बंदुकीच्या यंत्रात अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं इथल्या कायद्याच्या इतिहासात आहे, आणि तेच जास्त जड आहे.

आधी यंत्राचं बघू. 1860 साली अमेरिकेत हेन्री रायफल आली. नळीच्या खाली लांब नळकांडं, त्यात एकामागे एक काडतुसं, आणि लिव्हर खाली-वर केली की पुढचं काडतूस आत. ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या कंपनीनं हीच रचना पुढे नेली. 1873चं मॉडेल .44-40 या काडतुसासाठी होतं (नावातला पहिला आकडा म्हणजे ढोबळमानानं नळीच्या भोकाचं इंचातलं माप). 1894चं मॉडेल पुढच्याच वर्षी .30-30 या धूरविरहित दारूच्या काडतुसात निघालं आणि अफाट खपलं. पण नळकांड्यामुळे एक बंधन कायमचं आलं. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या कॅपवर टेकतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्यानं नळकांड्यातच बार होण्याचा धोका, म्हणून गोळी चपट्या तोंडाची लागते. काडतुसाच्या बुडाला रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असेल तर पकड सोपी होते. लांबी चौकटीत, म्हणजे यंत्र बसतं त्या रायफलीच्या मधल्या धातूच्या भागात, मावावी लागते, आणि दाब तिला सोसवेल एवढाच असावा लागतो. अलास्कातल्या हॅरॉल्ड जॉन्सन यांनी 1950च्या दशकात विंचेस्टर 71 रायफलीसाठी जी दांडगी काडतुसं बेतली, तीसुद्धा त्याच रायफलीच्या मूळच्या .348 काडतुसाचं तोंड रुंद करून. चौकट जे मागते ते द्यायचं, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

एक रायफल मात्र वेगळी निघाली. जॉन ब्राउनिंग यांनी 1895च्या मॉडेलमध्ये नळकांडं काढलं आणि चापाच्या पुढे पेटीसारखं मॅगझिन बसवलं. मग टोकदार गोळीची लांब काडतुसं चालू लागली. .30-40 क्रॅग, .303 ब्रिटिश, पुढे .30-06 देखील. पहिल्या महायुद्धात रशियानं आपल्या लष्करी काडतुसासाठी या रायफली जवळपास तीन लाख घेतल्या.

आता खान्देश. 1818 साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा सातपुड्यातल्या भिल्लांकडे तीरकामठे होते, तोड्याच्या बंदुका होत्या. 1825 मध्ये जेम्स औट्रम यांनी खान्देश भिल्ल कोअर उभी केली, धरणगाव तिचं ठाणं. म्हणजे ज्यांच्या हातातली हत्यारं सरकारला खुपत होती, त्यांच्यातल्याच काहींच्या हाती सरकारी बंदुका दिल्या गेल्या. 1857 मध्ये सेंधवा घाटाकडे खाज्या नाईक उठले. काडतुसावरून पेटलेल्या त्या बंडानंतर हत्यारांकडे बघण्याची सरकारची नजर कायमची बदलली. 1878चा शस्त्र कायदा त्याच नजरेतून आला: युरोपियनांना मोठी सूट, हिंदी माणसाला परवाना. तेव्हापासून इथल्या बंदुकीची गोष्ट परवान्यापासूनच सुरू होते.

बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, ठरण्यामागेही हीच भीती होती. फौजेचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये. 1907च्या सुमारास हिंदुस्थानात .450 बोअरवर बंदी आली, कारण मार्टिनी-हेन्री या फौजी रायफलीच्या गोळ्या त्या बोअरच्या. मोठ्या शिकारीसाठी मग .465 आणि .470 पुढे आले. फौजेत .303 असल्यामुळे तेही सामान्य माणसाला वर्ज्य. त्या पोकळीत .315 बसलं. ते मुळात ऑस्ट्रियाचं 8×50 मॅनलिखर काडतूस, म्हणजे तेही लष्करीच, फक्त इथल्या फौजेचं नव्हे. बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदुका बनवणाऱ्या कंपनीनं त्यात शिकारी रायफली बनवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं ती परंपरा चालू ठेवली.

योगायोग असा की .315 ला रिम आहे आणि त्याची लांबी .303 च्या जवळपास. म्हणजे 1894च्या आखूड चौकटीत ते मावणार नाही, पण 1895च्या पेटी मॅगझिनच्या जातीशी त्याचं नातं जवळचं. .30-06 सुद्धा आपल्याकडे परवान्यावर मिळू शकतं, पण ते बिनरिमचं, दाबानं बरंच जोरकस. जुन्या लिव्हर चौकटीला मी ते कधीही सुचवणार नाही. .30-30 यंत्राच्या दृष्टीनं सगळ्यात नैसर्गिक, पण 1980च्या दशकापासून आयात जवळजवळ बंद असल्यामुळे त्याचं काडतूस रोजच्या वापरापुरतं आणायचं कुठून? जे काडतूस दुकानात मिळत नाही, त्याची रायफल भिंतीवरच राहते.

भुसावळजवळ वरणगावला 1964 पासून आयुध कारखाना आहे, तिथे लहान हत्यारांचीच काडतुसं बनतात. पण ती मुख्यतः फौजेची, 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या परवान्याशी त्या मालाचा संबंध नाही. 1878ची ती रेघ आजही जागेवर आहे.

वापराचाही प्रश्न आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. रावेर-यावलच्या केळीत, चोपड्याच्या मक्यात रानडुकरं शिरतात, पण त्यांच्यावर बार टाकायलाही वनखात्याची परवानगी लागते. आणि 1959च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीत बदल करणं हे बंदूक बनवण्याच्याच पंक्तीत बसतं. तसा परवाना नसलेल्या मिस्त्रीकडून नळी बदलून घेतली, तर 2019च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. तेव्हा रायफलीची चौकट शोधण्याआधी परवान्यावर कोणता बोअर लिहिला आहे ते पाहावं, आणि परवानाधारक विक्रेत्याकडे त्याची काडतुसं नियमित येतात का, हे विचारून घ्यावं.