पार्श्वभूमी : झोपण्याआधीचं दृश्य आणि ‘भावना’ या शब्दाचा घोळ

रात्री अंथरुणावर पडल्यावर, हवी ती गोष्ट मिळाल्याचं दृश्य डोळ्यांसमोर आणायचं आणि त्यातच झोपी जायचं. या पद्धतीचं आज चालणारं रूप जेमतेम 80 वर्षांचं आहे, पण तिची मुळं बरीच मागे जातात. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे शरीरातल्या अदृश्य प्रवाहाने रोग बरे होतात या दाव्याची, शहानिशा करायला एक समिती नेमली होती. पॅरिसजवळच्या एका बागेत जर्दाळूचं झाड ‘भारून’ ठेवलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या 12 वर्षांच्या मुलाला एकेका झाडाशी नेलं. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडाशी! चुंबकत्व वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा परिणाम, असं समितीने लिहिलं. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक घड्याळजी त्याच मुद्द्याकडे उलट बाजूने गेला : विचाराने माणूस आजारी पडत असेल, तर विचारानेच बराही होईल. ‘न्यू थॉट’ चळवळ तिथून उभी राहिली.

झोपेची वेळ या सगळ्यात ठळकपणे आली ती फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या एका औषधविक्रेत्यामुळे. ‘मी रोज सर्व प्रकारे अधिकाधिक बरा होत आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य तो लोकांना उठल्या-उठल्या आणि झोपताना म्हणायला सांगे. दोरीला 20 गाठी मारायच्या, अंधारात त्या बोटांनी चाचपत मोजायचं, ओठ हलतील इतपतच पुटपुटायचं. आवाज एकसुरी हवा. जोर लावायचा नाही, मन एकवटायचं नाही. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असं त्याचं म्हणणं. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कुणीही सहज चालेल. तीच फळी चर्चच्या मनोऱ्याच्या उंचीवर टाका, दोन पावलांत पाय लटपटतील. त्याच्या एका अनुयायाने पुढे सांगितलं की, वाक्य आखूड करून गुंगीत अंगाईसारखं घोळवावं. रात्रीची निवड यासाठी होती. त्या वेळी हट्ट करणारं मन दमलेलं असतं. ‘रात्री विश्वाची ऊर्जा जास्त असते’ हे आज ऐकू येणारं स्पष्टीकरण या दोघांनी दिलेलं नाही.

वाक्याच्या जागी दृश्य आणलं ते बार्बाडोसहून न्यूयॉर्कला नाट्यशिक्षणासाठी आलेल्या एका व्याख्यात्याने. 1944 मध्ये त्याची एक छोटी पुस्तिका निघाली. पुढच्या व्याख्यानांतून त्याने पद्धतीला घाट दिला : इच्छा पुरी झाल्यावरच घडू शकेल असा एक छोटा प्रसंग निवडायचा, समजा मित्र हात हातात घेऊन अभिनंदन करतोय, मग डोळे जड होत असताना तोच पुन्हा पुन्हा जगायचा. पडद्यावर बघतो तसा नाही, आत राहून. मित्राच्या पंज्याची पकड लागली पाहिजे.

खरा घोळ इथे सुरू होतो. त्याने वापरलेला इंग्रजी शब्द ‘फीलिंग’. मराठीत तो सरसकट ‘भावना’ झाला आणि भावना म्हटली की आपल्याला आनंदाने ऊर भरून येणं आठवतं. म्हणून आजचे मार्गदर्शक सांगतात, प्रचंड आनंद जाणवू द्या, कृतज्ञतेने रडू आलं तरी चालेल. लोक बिचारे रात्री अकराला स्वतःला उचंबळून आणतात आणि मग झोप उडाली म्हणून स्वतःलाच दोष देतात. मला हे फार लागतं, कारण मूळ सूचना नेमकी उलट होती. त्या व्याख्यात्याने स्वतःच खुलासा केला होता की, त्याला भावनेचा उमाळा अभिप्रेत नव्हता. गोष्ट झाली आहे हे सहज धरून चालणं अभिप्रेत होतं. त्याचा एक प्रसिद्ध प्रयोगही हेच दाखवतो. दिवसा ‘मी शिडी चढणार नाही’ असं लिहून ठेवायचं आणि रात्री झोपताना आपण शिडी चढतोय अशी कल्पना करायची : हाताला लागणारा दांडा, पायाखालची पुढची पायरी. आता शिडी चढण्यात कसला आलाय आनंद? तिथे स्पर्श आहे, तोल आहे, बस्स. आपल्याकडे ‘जाणवणं’ हे क्रियापद आहे. ते वापरलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1960 च्या दशकात सुप्त मनावरची पुस्तकं घरोघरी गेली. 2006 मध्ये एका माहितीपटाने आकर्षणाचा सिद्धांत, म्हणजे जसे विचार तशाच गोष्टी आपल्याकडे ओढल्या जातात ही कल्पना, जगभर नेला. 2020 नंतर छोट्या व्हिडिओंनी ही रात्रीची पद्धत ‘सॅट्स’ (‘स्टेट अकिन टू स्लीप’, म्हणजे झोपेसारखी अवस्था) या आद्याक्षरांखाली उचलली. 2024 मध्ये एका नामांकित इंग्रजी शब्दकोशाने ‘मॅनिफेस्ट’ (हवी ती गोष्ट कल्पनेच्या जोरावर प्रत्यक्षात आणणं) हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

झोपेच्या उंबरठ्यावरच्या अवस्थेला 1848 मध्ये एका फ्रेंच अभ्यासकाने ‘हिप्नॅगॉगिक’ हे नाव दिलं होतं. 2021 मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. अंकांच्या कोड्यात एक छुपा नियम होता. झोपेच्या पहिल्या टप्प्यात किमान 15 सेकंद गेलेल्यांपैकी 83 टक्क्यांना तो सापडला, जागे राहिलेल्यांपैकी 30 टक्क्यांना. गाढ झोपेत गेलेले मागे पडले. या अवस्थेत मन वेगळी जुळणी करतं, एवढंच यातून दिसतं. इच्छा बाहेरच्या जगात फळते, असं त्यात कुठेही नाही.

उलट 1999 मधला एक प्रयोग या पद्धतीच्या गाभ्यालाच भिडतो. परीक्षेच्या आधीचे काही दिवस काही विद्यार्थ्यांनी रोज पाच मिनिटं चांगले गुण मिळाल्याचं दृश्य पाहिलं, तर काहींनी आपण अभ्यास करतोय असं. अभ्यासाचं दृश्य पाहणारे जास्त वेळ पुस्तकं घेऊन बसले आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. 1991 मध्ये वजन घटवू पाहणाऱ्या 25 स्त्रियांच्या पाहणीतही, सगळं छानच होईल अशी स्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे 11 किलो कमी घटलं. 1944 पासूनची शिकवण मात्र शेवटचाच प्रसंग बघा, मधला रस्ता बघू नका, असंच सांगते. प्रश्न उरतो तो हाच : मित्राचं हस्तांदोलन बघायचं, की त्याआधीचा रात्रीचा अभ्यास?