राजापूरचं बंदर गाळाने का भरलं

राजापूर समुद्रापासून जवळपास 25 किलोमीटर आत आहे, तरी 17व्या शतकात ते कोकणातलं नावाजलेलं बंदर होतं. इंग्रजांची वखार इथेच होती. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्याच्या सुमारे तीन मैल खालीच थांबायची. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या गाळाने खाडी उथळ होत गेली होती.

गाळ नेमका इथेच का बसतो, याचं मूळ फार मागे आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती आणि कोकणातल्या नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. पुढे हिमयुग संपलं, समुद्र चढला, दऱ्यांची तोंडं बुडाली. आजच्या खाड्या त्या याच. त्यामुळे घाटाखाली लांबलचक मैदान असं नदीला मिळतच नाही. सह्याद्रीवरून धावत आलेलं पाणी थोड्याच अंतरात भरतीच्या पाण्याला भिडतं आणि तिथे त्याचा जोर मोडतो.

वेग दुप्पट झाला, की नदी साधारण चौपट व्यासाचा गोटा ढकलू शकते. वेग निम्मा झाला, की हाच हिशेब उलटा. म्हणून धोंडे घाटाच्या पायथ्याशी राहतात, गोटे आणि जाड रेती भरतीच्या टोकाला, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे पडते. बारीक माती पुढे जाते, पण खाऱ्या पाण्यात तिचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, गुडघाभर काळा चिखल असाच साठलेला असतो. राजापूर नेमकं भरतीच्या टोकावर वसलेलं. पुराचा लोट ओहोटीला आला तर बराच गाळ खाली वाहून जातो. उधाणाच्या भरतीत आला तर पाणी तुंबतं आणि गाळ शहरापाशीच पडतो.

त्यात डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीच्या वरकस शेतीची आणि जंगलतोडीची भर पडली. उघड्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या सरींतच पऱ्यात, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात उतरते.

गाळ काढताना हे सगळं ध्यानात घ्यावं लागतं. खणायला सुरुवात खालच्या अंगाने, खाडीकडून करावी. मधेच एक खोल खड्डा काढला तर पहिल्याच मोठ्या पुरात तो भरतो, आणि खड्ड्याची वरची कड ढासळत मागे सरकते. तळ खचला की काठ आणि पुलाचे खांब उघडे पडतात. काढलेला गाळ काठावरच रचणं ही तर नेहमीची चूक. पूररेषेच्या बाहेर नेला नाही, तर तोच गाळ पुढच्या पावसात पुन्हा पात्रात येतो.