सर्व्हर दमत नाही, ताटकळतो

महिनाअखेरीला बिलिंगचं सॉफ्टवेअर रेंगाळायला लागलं की पहिली मागणी येते ती मोठ्या सर्व्हरची. मीही ती केलेली आहे. एकदा मात्र खरेदीआधी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय केलं त्याच्या नोंदी, उघडून बसलो. 200 बिलांची यादी दाखवणाऱ्या एका पानासाठी डेटाबेसकडे 201 क्वेऱ्या, म्हणजे माहितीच्या मागण्या, जात होत्या. एक यादीची, आणि मग प्रत्येक बिलावरच्या ग्राहकाचं नाव आणायला एकेक. एका फेरीला 2 मिलिसेकंद धरले तरी 400 मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेले, आणि तेवढा वेळ प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला! वाण्याकडे सगळी यादी एकदम न देता मिठासाठी एक खेप, साखरेसाठी दुसरी, असा हा प्रकार. जॉइन लावला, म्हणजे बिलं आणि ग्राहकांची नावं एकाच क्वेरीत जोडून मागवली, आणि 201 क्वेऱ्यांची एक झाली.

हे दुखणं जुनं आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1998 साली एंटरप्राइझ जावाबीन्स हे सर्व्हरवरचे जावा प्रोग्राम घटकांतून बांधायचं तंत्र आणलं, तेव्हा ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन असं एकेक विचारायचं तर प्रत्येक वेळी स्वतंत्र रिमोट कॉल, म्हणजे नेटवर्कवरून पलीकडच्या घटकाला हाक, व्हायचा. दर खेपेला माहितीची बांधाबांध करायची आणि पलीकडे ती सोडायची. म्हणून असे बारीक कॉल एका सेशन बीनमागे, म्हणजे सर्व्हरवरच्या एका मध्यस्थ घटकामागे, एकत्र करायची पद्धत पडली. 2001 च्या 2.0 आवृत्तीत लोकल इंटरफेस आले आणि एकाच चालू जावा प्रोग्राममधल्या घटकांची ही धावपळ वाचली.

कनेक्शन पूलची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डेटाबेसचं नवं कनेक्शन उघडणं महाग असतं. पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर तर प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस सुरू करतं. त्यामुळे काही कनेक्शन उघडीच ठेवून आळीपाळीने वापरतात, तोच पूल. गर्दी वाढली की पूल 20 वरून 200 वर नेण्याचा मोह होतो. पण डेटाबेसच्या मशीनला कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, आठ असतील, तर 200 क्वेऱ्या त्या आठांवरच एकमेकींना ढकलत राहतात. रांग अॅप्लिकेशनमधून उठून डेटाबेसच्या दारात जाते, एवढंच.

पूल किती हवा, याचा अंदाज जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमावरून बांधता येतो. सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, म्हणजे सरासरी एकाच वेळी आत असलेल्या विनंत्या. सेकंदाला 100 विनंत्या आणि प्रत्येकीने कनेक्शन 0.2 सेकंद अडवलं, तर सरासरी 20 कनेक्शन गुंतलेली. क्वेरीला योग्य इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची, मिळून तोच वेळ 0.05 सेकंदावर आला, की पाचच.